सर्व्हरच्या एन्क्रिप्शन किल्ल्या पेनड्राइव्हवर सुरक्षित ठेवण्याची पद्धत

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभाल-दुरुस्तीसाठी वीजही बहुतेक वेळा त्याच दिवशी बंद ठेवली जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग सर्व्हर बंद पडतो, आणि शुक्रवारी सकाळी तो सुरू केला की काळ्या पडद्यावर एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेली, डिस्क उघडण्यासाठी किल्ली मागणारी एकच ओळ येऊन थांबते. भोसरीतील एका छोट्या कारखान्यात अशाच एका शुक्रवारी मी या ओळीसमोर उभा होतो. किल्ली असलेला पेनड्राइव्ह लावला, तर तो सर्व्हरला दिसेचना. त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. दुसरी प्रत मालकांच्या घरी होती. ती मागवली, फाइल व्यवस्थित वाचली गेली, पण सर्व्हरने ती नाकारली, कारण आठ महिन्यांपूर्वी किल्ली बदलली तेव्हा घरची प्रत बदलायची राहून गेली होती. हिशेबनिसांच्या कपाटातल्या बंद पाकिटात परवलीचे वाक्य लिहून ठेवलेले सापडले, म्हणून डिस्क उघडली आणि त्या दिवशीच्या मालाची चलने दुपारी दोननंतर निघू शकली.

किल्लीवर दोन संकटे येऊ शकतात. ती परक्याच्या हाती पडू शकते, किंवा आपल्याच हातून कायमची जाऊ शकते. पहिले संकट टाळायचे तर प्रती कमी हव्यात, दुसरे टाळायचे तर जास्त हव्यात. बहुतेक लोक पहिल्याच संकटाचा विचार करून एकुलता एक पेनड्राइव्ह तिजोरीत ठेवतात. माझ्या पाहण्यात मात्र छोट्या कार्यालयांचे नुकसान दुसऱ्या संकटाने अधिक वेळा केले आहे. पुढील पद्धत या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी आहे. ती लिनक्सवरील लुक्स व्यवस्था गृहीत धरून लिहिली आहे, कारण छोट्या कार्यालयांतील लिनक्स सर्व्हरवर डिस्क एन्क्रिप्ट करण्यासाठी तीच सर्रास वापरली जाते.

कोणत्या किल्ल्या ठेवायच्या

प्रत्येक किल्लीबाबत दोन प्रश्न विचारावेत: ही हरवली तर नवी करून काम चालेल का, आणि ही चोरीला गेली तर चोराच्या हाती काय लागेल? संकेतस्थळाच्या टीएलएस प्रमाणपत्राची (ब्राउझरशी होणारा संवाद सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राची) खाजगी किल्ली हरवली, तर नवी किल्ली करून नवे प्रमाणपत्र घेता येते. म्हणून तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्यात लाभ काहीच नाही, धोका मात्र वाढतो. सर्व्हरसमोर बसून आत शिरण्याची सोय असेल, तर एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या, किल्लीलाही हेच लागू होते. डिस्कची किल्ली आणि बॅकअपची किल्ली यांची गोष्ट वेगळी आहे. या हरवल्या तर माहिती कायमची गेली, जगातील कोणताही तज्ज्ञ ती परत आणू शकत नाही.

बॅकअपच्या किल्लीकडे तर विशेष लक्ष द्यावे. बॉर्ग या बॅकअप साधनाच्या ‘कीफाइल’ पद्धतीत किल्ली सर्व्हरवरील वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्येच राहते. सर्व्हरच जळाला, तर दूरच्या ठिकाणी बॅकअप सुखरूप असूनही तो उघडता येत नाही. बॉर्गची ‘की एक्स्पोर्ट’ ही आज्ञा याच प्रसंगासाठी आहे, आणि तिला कागदावर छापण्याजोगा मजकूर काढून देण्याचा पर्यायही आहे. बॅकअप रोज होतो आहे याची खातरजमा करणाऱ्या अनेकांनी ही आज्ञा एकदाही वापरलेली नसते.

रोजची किल्ली आणि ठेवणीतली किल्ली

सर्व्हर सुरू करताना लावायचा पेनड्राइव्ह आणि अडचणीच्या वेळी काढायचा पेनड्राइव्ह ही दोन वेगळी साधने आहेत. त्यांच्यावर एकच किल्ली कधीही ठेवू नये. लुक्सच्या पहिल्या आवृत्तीत एका डिस्कला ८ किल्ल्या लावता येत होत्या, दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत लावता येतात. प्रत्येक किल्लीचा खण, म्हणजे डिस्कवरील तिची राखीव जागा, स्वतंत्र असतो, त्यामुळे एक किल्ली रद्द केली तरी बाकीच्या चालू राहतात. मी किमान तीन खण वापरतो: एक रोजच्या पेनड्राइव्हवरील फाइलसाठी, एक ठेवणीतल्या पेनड्राइव्हवरील फाइलसाठी, आणि एक कागदावर लिहिलेल्या परवलीच्या वाक्यासाठी. भोसरीच्या कारखान्यात तिसरा खण होता, म्हणूनच तो वाचला.

रोजचा पेनड्राइव्ह सर्व्हरला लावूनच ठेवण्याची सवय फार पसरलेली आहे. कुलपाला किल्ली लटकवून घराबाहेर पडण्यासारखेच हे आहे. सर्व्हर चोरीला गेला तर किल्लीही सोबत जाते, आणि एन्क्रिप्शनचा उपयोग एवढाच उरतो की नादुरुस्त डिस्क भंगारात देताना तिच्यातील माहिती कोणी वाचू शकत नाही. डिस्क एकदा उघडली की किल्ली सर्व्हरच्या मेमरीत राहते, म्हणून पेनड्राइव्ह लगेच काढला तरी सर्व्हर चालूच राहतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण तो काढायला घाबरतात. मेमरीतील किल्लीही अगदी अभेद्य नसते: वीज तोडल्यानंतर थोड्या वेळापर्यंत मेमरीतून किल्ल्या वाचता येतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते. तेव्हा सर्व्हरच्या खोलीलाही कुलूप हवेच.

पेनड्राइव्हची निवड

तीन पेनड्राइव्ह घ्यावेत, किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि दोन वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातले तिन्ही घेतले आणि त्या खोक्यातील चिप सदोष निघाली, तर तिन्ही प्रती एकदमच जातात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीला खरेदी केलीत, तरी बिल घ्यावे आणि पाकीट फोडलेले नाही हे पाहून घ्यावे. साठवण-क्षमता सर्वांत कमी मिळेल तेवढी चालते, कारण किल्ली आणि तिच्यासोबतच्या फाइल्स मिळून वीसेक मेगाबाइटच होतात. परिषदेत किंवा प्रदर्शनात भेट मिळालेला पेनड्राइव्ह या कामी वापरू नये. पेनड्राइव्हच्या आतील नियंत्रक-सॉफ्टवेअर बदलून त्याला संगणकासमोर कीबोर्ड म्हणून उभे करता येते, हे २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ या नावाने जाहीरपणे दाखवले गेले आहे, आणि असा बदल विषाणूरोधक सॉफ्टवेअरला दिसत नाही.

विकत घेतल्यावर ‘एफ-३’ या मोफत साधनाने पूर्ण क्षमता लिहून आणि परत वाचून तपासावी, कारण वरच्या छापाइतकी जागा आत नसलेले बनावट पेनड्राइव्ह बाजारात असतात.

अंकांची बटणे असलेले, स्वतःच एन्क्रिप्शन करणारे महाग पेनड्राइव्हही मिळतात. ते वापरायला हरकत नाही, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नये. २०१० च्या सुरुवातीला जर्मनीतील तज्ज्ञांनी दाखवले, की अमेरिकेच्या सरकारी मानकाचे प्रमाणपत्र मिळालेले काही नामवंत पेनड्राइव्ह, पासवर्ड कोणताही असो, उघडताना एकच ठराविक संदेश स्वीकारत होते. चुकीच्या ठराविक प्रयत्नांनंतर आतील माहिती पुसून टाकणारे प्रकारही असतात. घाईगडबडीच्या सकाळी चार जण चार अंदाज करून पाहतात, तेव्हा ती सोय आपल्याच मुळावर येते.

कामाची जागा

किल्ली तयार करण्यासाठी आतली डिस्क काढून टाकलेला एखादा जुना लॅपटॉप उत्तम. डेबियन लिनक्सची थेट पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती, तिची स्वाक्षरी तपासून, त्यावर सुरू करावी. नेटवर्कची केबल लावू नये, वायफाय बंद ठेवावे. अशा लॅपटॉपवर जे काही घडते ते मेमरीतच घडते आणि बंद केल्यावर नाहीसे होते. रोजच्या कामाच्या संगणकावर किल्ली एकदा जरी तात्पुरती उतरवली, तरी ती स्वॅपमध्ये (मेमरी अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेत), आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये किंवा क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरमध्ये शिल्लक राहू शकते, आणि तिथून ती खात्रीने पुसता येत नाही.

ठेवणीतला पेनड्राइव्ह तयार करणे

पहिली पायरी पेनड्राइव्हलाच कुलूप लावण्याची. लुक्स हाताळणाऱ्या ‘क्रिप्टसेटअप’ या साधनाची ‘लुक्सफॉरमॅट’ आज्ञा पूर्ण पेनड्राइव्हवर चालवून, लुक्सची दुसरी आवृत्ती निवडून, त्याला परवलीचे वाक्य द्यावे. आज्ञा देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ने डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचावा, कारण चुकीच्या डिस्कवर ही आज्ञा चालली तर तिथली माहिती परत येत नाही. मग आत ‘ईएक्सटी-४’ फाइल-व्यवस्था बसवावी. ‘फॅट-३२’मध्ये लिनक्सच्या फाइल-परवानग्या नोंदवल्या जात नाहीत, म्हणून ती इथे टाळलेली बरी.

परवलीचे वाक्य मनाने रचू नये, फाशांनी निवडावे. ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी घ्यावी, दर शब्दासाठी फासा पाच वेळा टाकावा आणि असे सहा शब्द जमवावेत. घरातल्या सापशिडीचा फासाही चालतो. अशा वाक्याचे बळ सुमारे ७७ बिट भरते, आणि लुक्सची दुसरी आवृत्ती मूळ किल्ली (डिस्क प्रत्यक्ष एन्क्रिप्ट करणारी, प्रत्येक खणातून मिळणारी किल्ली) काढताना मुद्दाम वेळखाऊ, मेमरीखाऊ गणित करायला लावते, त्यामुळे ते अंदाजाने फोडणे व्यवहारात शक्य राहत नाही. मराठी शब्द घ्यावेसे वाटतात आणि ते लक्षातही छान राहतात, परंतु सर्व्हर सुरू होतानाच्या पडद्यावर देवनागरी टंकलेखनाची सोय नसते. रोमन लिपीत लिहायचे ठरवले, तर ‘ज्ञान’मधला ‘ज्ञ’ डी-एन-वायने सुरू करायचा की जी-वायने, ‘पाणी’त ए एकदा की दोनदा, असे प्रश्न नेमके अडचणीच्या सकाळी उभे राहतात. तेव्हा ज्याचे रोमन स्पेलिंग एकाच प्रकारे होते असेच शब्द यादीत ठेवावेत आणि कागदावर वाक्य रोमन अक्षरांतच, सुटे-सुटे लिहावे.

दुसरी पायरी किल्लीची. ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या आज्ञेने ‘युरँडम’मधून (लिनक्सच्या यादृच्छिक बाइट देणाऱ्या स्रोतातून) ६४ बाइट, म्हणजे ५१२ बिट, थेट या कुलूपबंद पेनड्राइव्हवरील फाइलमध्ये घ्यावेत आणि फाइलची परवानगी ०४०० करावी, म्हणजे ती फक्त रूट या सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला वाचता येईल. ही फाइल मजकूर-संपादकात उघडू नये. अनेक संपादक जतन करताना शेवटी एक नवी ओळ जोडतात, आणि त्या एका अदृश्य बाइटमुळे किल्ली चालेनाशी होते. फाइलचा ‘एसएचए-२५६’ ठसा, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेली ठराविक लांबीची ओळख, काढून नोंदवहीत लिहावा. ५१२ बिटांच्या यादृच्छिक किल्लीच्या ठशावरून किल्ली काढता येत नाही, त्यामुळे ही नोंद निर्धोक आहे. परवलीच्या वाक्याचा ठसा मात्र कधीही नोंदवू नये.

तिसरी पायरी सर्व्हरवर. ठेवणीतला पेनड्राइव्ह तिथे लावून उघडावा आणि ‘लुक्सॲडकी’ आज्ञेने नवी किल्ली डिस्कच्या मोकळ्या खणात घालावी. ज्या सर्व्हरची ती किल्ली आहे तो, डिस्क उघडलेली असताना, तिची मूळ किल्ली मेमरीत बाळगूनच असतो, म्हणून यात नवा धोका नाही. मात्र त्याच पेनड्राइव्हवर इतर सर्व्हरच्या किल्ल्या असतील, तर त्याही या एका सर्व्हरपुढे उघड्या पडतात. एका सर्व्हरला एक पेनड्राइव्ह हा नियम त्यासाठी आहे, आणि माझ्यासारख्या अनेक कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी तो कटाक्षाने पाळावा.

चौथी पायरी बहुतेक जण विसरतात. लुक्सच्या डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या हेडरमध्ये सर्व खण असतात. तेवढा भाग खराब झाला, तर हातात योग्य किल्ली असूनही डिस्क उघडत नाही. ‘लुक्सहेडरबॅकअप’ आज्ञेने त्याची प्रत काढून याच पेनड्राइव्हवर ठेवावी. दुसऱ्या आवृत्तीत ती साधारण १६ मेबिबाइटची होते. ही प्रत जपताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: हेडरच्या जुन्या प्रतीत जुने खण जिवंत असतात. डिस्कवरून एखादी किल्ली रद्द केली, तरी जुनी हेडर-प्रत आणि ती रद्द केलेली किल्ली ज्याच्याकडे आहे तो डिस्क उघडू शकतो. किल्ली बदलली की हेडरची नवी प्रत काढून सर्व ठिकाणची जुनी नष्ट करावी लागते.

पाचवी पायरी तपासणीची. पेनड्राइव्ह ‘लुक्सक्लोज’ने बंद करून काढावा, दुसऱ्याच संगणकावर उघडून फाइलचा ठसा नोंदवहीशी जुळवावा, आणि मग सर्व्हरवर ‘ओपन’ आज्ञेला ‘टेस्ट-पासफ्रेज’ हा पर्याय देऊन किल्ली खरोखर लागते का ते पाहावे. या पर्यायाने डिस्क प्रत्यक्ष उघडत नाही, किल्ली बरोबर आहे एवढेच कळते, त्यामुळे चालू कामात व्यत्यय येत नाही. हे झाल्यावर त्याच किल्लीची दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीच्या पेनड्राइव्हवर, तितक्याच काळजीने करावी.

रोजचा पेनड्राइव्ह

यावर वेगळी किल्ली आणि फक्त तीच फाइल. इथे एक तडजोड करावी लागते. या पेनड्राइव्हलाही कुलूप लावले, तर सकाळी येणाऱ्या माणसाला परवलीचे वाक्य द्यावेच लागेल, मग पेनड्राइव्हचा उपयोग कमी होतो. छोट्या कार्यालयासाठी माझे मत असे, की रोजची किल्ली कुलपाविना ठेवली तर चालेल, मात्र तो पेनड्राइव्ह सर्व्हरपासून वेगळ्या खोलीत, टेबलाच्या कुलूपबंद कप्प्यात किंवा जबाबदार व्यक्तीच्या जुडग्यात असावा, आणि तो हरवल्याचे कळताच त्याचा खण त्याच दिवशी रद्द व्हावा.

सुरू होताना कोणती डिस्क कशाने उघडायची हे सांगणाऱ्या सर्व्हरच्या ‘क्रिप्टटॅब’ फाइलमध्ये पेनड्राइव्हचा उल्लेख यूयूआयडीने (त्याच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने) करावा, कारण ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावे जोडणीच्या क्रमानुसार बदलतात. ‘कीफाइल-टाइमआउट’ ३० सेकंद ठेवावा, म्हणजे पेनड्राइव्ह सापडला नाही तर सर्व्हर वाट पाहत अडून न बसता परवलीचे वाक्य मागतो. मुख्य डिस्कच कुलूपबंद असेल, तर पेनड्राइव्हची फाइल-व्यवस्था वाचणारे मॉड्यूल ‘इनिटरॅमएफएस’मध्ये (सर्व्हर सुरू होताना सर्वांत आधी मेमरीत उतरणाऱ्या छोट्या व्यवस्थेत) घालून ते पुन्हा बांधावे लागते. मग सर्व्हर प्रत्यक्ष बंद करून, एकदा पेनड्राइव्हने आणि एकदा त्याच्याशिवाय, सुरू करून पाहावा.

प्रती कुठे ठेवाव्यात

एक प्रत कार्यालयात आणि दुसरी समोरच्या इमारतीत, हे अंतर पुरेसे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत मुठेच्या पाण्याने घरे आणि वाहने वेढली. कार्यालय नारायण पेठेत असेल तर दुसरी प्रत त्याच नदीच्या काठी, तळमजल्यावर नको. कोथरूडच्या किंवा कात्रजच्या उंच भागातल्या घरी ती अधिक सुरक्षित राहील.

बँकेचा लॉकर चांगला पर्याय आहे, त्याच्या मर्यादा ठाऊक असाव्यात एवढेच. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तो उघडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरती असते. म्हणून लॉकरमधली प्रत ही एकमेव प्रत नसावी.

पेनड्राइव्ह आणि त्याचे परवलीचे वाक्य एकाच पाकिटात ठेवले, तर कुलूप लावल्याचा काही अर्थ उरत नाही. दोघे भागीदार आणि हिशेबनीस अशा तिघांत वाक्य विभागायचे असल्यास संकेतशास्त्रज्ञ अदी शामिर यांची १९७९ ची पद्धत वापरावी. तिच्यात तीन हिस्से करून त्यांतील कोणतेही दोन एकत्र आले की वाक्य परत मिळते, आणि एकट्या हिश्श्यावरून काहीही कळत नाही. ‘एसएसएसएस’ हे छोटे साधन हे काम करते. वाक्य नुसते अर्धे-अर्धे कापून वाटणे ही याची पर्यायी पद्धत नव्हे: एक हिस्सा हरवला की सगळेच जाते, आणि एक हिस्सा फुटला तर निम्मे वाक्य उघड होते.

कागदाला कमी लेखू नये. ६४ बाइटांची किल्ली सोळाच्या पायावरील अंकांत १२८ अक्षरांची होते आणि एका पोस्टकार्डावर मावते. ती लेझर प्रिंटरने छापावी. पावतीच्या थर्मल कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात. छापताना प्रिंटर थेट केबलने त्याच लॅपटॉपला जोडावा, कारण कार्यालयाच्या सामाईक प्रिंटरमध्ये छापलेल्या पानांची प्रत साठून राहू शकते.

पावसाळा आणि वेळापत्रक

फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो, उष्णतेत अधिक वेगाने. त्यात पुण्याचा पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा ओलावा. पेनड्राइव्ह झिप असलेल्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा आणि पिशवी जाड पाकिटात घालून पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. वर ‘सर्व्हरची किल्ली’ असे लिहू नये. नुसता क्रमांक टाकावा. त्याचा अर्थ नोंदवहीत असू द्यावा.

वर्षातून दोनदा सर्व प्रती बाहेर काढाव्यात: मे अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, आणि खंडेनवमीला. कारखान्यात त्या दिवशी यंत्रे थांबवून, पुसून त्यांची पूजा होते, सर्व्हरही बंद करता येतो, आणि भागीदारही सहसा हजर असतात. प्रत्येक प्रत उघडून ठसा जुळवावा, सिलिका जेल बदलावे, खंडेनवमीला फाइल एकदा नव्याने लिहून घ्यावी, आणि नोंदवहीत तारीख, प्रत-क्रमांक व दोन सह्या घ्याव्यात. त्याच दिवशी, ज्याने ही व्यवस्था उभारली त्याला बाजूला बसवून, दुसऱ्या व्यक्तीने केवळ लेखी सूचनांवरून सर्व्हर उघडून दाखवावा. कुठे अडला ते तिथल्या तिथे सूचनांत दुरुस्त करावे.

हरवल्यास आणि माणूस सोडून गेल्यास

रोजचा पेनड्राइव्ह हरवला, तर तो सापडण्याची वाट पाहू नये. दुसऱ्या किल्लीने डिस्क उघडते आहे याची खात्री करून ‘लुक्सकिलस्लॉट’ने त्याचा खण रद्द करावा, नवी किल्ली घालावी, हेडरची प्रत नव्याने काढावी आणि दोन्ही ठेवणीतल्या पेनड्राइव्हवरची जुनी प्रत त्याच आठवड्यात बदलावी. परवलीचे वाक्य किंवा हेडरची प्रत हाताळलेला कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर खण रद्द करणे पुरेसे नाही, डिस्क ‘रीएन्क्रिप्ट’ आज्ञेने नव्या मूळ किल्लीवर न्यावी. मोठ्या डिस्कला यासाठी अनेक तास लागतात. गुरुवार-शुक्रवारमधली रात्र त्यासाठी राखावी, आणि सुरू करण्यापूर्वी बॅकअप उघडून पाहावा.

पेनड्राइव्हसोबत सर्व्हरही गेला असेल, किंवा माहिती फुटल्याची चिन्हे असतील, तर प्रश्न कार्यालयापुरता राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांत नमूद केलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर कोणाला, कोणत्या क्रमाने कळवायचे ते लिहून ठेवल्यास त्या सहा तासांतला पहिला तास शोधाशोधीत जात नाही.

जुना पेनड्राइव्ह निकालात काढताना फाइल पुसणे किंवा तिच्यावर दुसरे काही लिहिणे विश्वासार्ह नाही. सर्व पेशींवर सारखा ताण यावा म्हणून पेनड्राइव्हचा नियंत्रक नवे लेखन दुसऱ्याच जागी करतो, आणि जुनी किल्ली आत तशीच राहू शकते. आधी ‘लुक्सइरेझ’ने त्याचे सर्व खण पुसावेत, मग प्लास्टिकचे कवच उघडून आतील काळी चौकोनी चिप हातोड्याने फोडावी. नुसते यूएसबीचे टोक वाकवून भागत नाही, कारण चिप काढून दुसऱ्या पट्टीवर बसवता येते. चिपचे तुकडे झाल्याचे दोघांनी पाहिले की नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तारीख घालून सह्या कराव्यात आणि तुकडे ई-कचऱ्यात द्यावेत.